कार्बन डायऑक्साइडमध्ये वीज साठवण्याची चाचणी: लहान शेडमध्ये ती कशी घ्यायची

जुलैतली दुपार होती. रबाळे एमआयडीसीतली आमची शेड, आणि पत्र्यावर पावसाचा इतका आवाज की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागत होतं. कॉम्प्रेसर तासभर चालला होता. टाकीचं प्रेशर ७६ बारपर्यंत (एक बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब) चढलं होतं, पण काचेतून द्रवाची रेघ काही दिसेना. प्रोजेक्टला आलेली दोन मुलं माझ्या तोंडाकडे बघत होती.

"सर, लिक्विड होतच नाहीये."

"कूलिंग टॉवरचं पाणी किती अंशांवर आहे?"

"साडेतीस."

तसं असेल तर लिक्विड होणारच नव्हतं. कार्बन डायऑक्साइडचा क्रांतिक बिंदू ३१ अंश सेल्सिअस आणि ७३.८ बार. त्याच्या वर कितीही दाबा, गॅस आणि द्रव यांत फरकच राहत नाही, त्यामुळे रेघही दिसत नाही. पाणी साडेतीस अंशांचं असलं की कंडेन्सरमधला, म्हणजे गॅस थंड करून द्रव करणाऱ्या भागातला, गॅस ३३-३४ अंशांच्या खाली उतरत नाही. हाच सेट जानेवारीच्या सकाळी मुकाट्याने लिक्विड करत होता. मशीन बिघडलं नव्हतं, हवा बदलली होती.

या विषयावर मराठीत कामाला येईल असं मला फारसं वाचायला मिळालं नाही, म्हणून हा लेख. ठाणे-बेलापूर पट्ट्यातले इंजिनिअरिंगचे विद्यार्थी, लहान वर्कशॉपवाले, कंपनीच्या संशोधन विभागात नव्याने लागलेले, यांच्यापैकी कुणाला असा सेट उभारून मोजमाप घ्यायचं असेल तर कुठून सुरुवात करायची, कुठे जीव सांभाळायचा आणि आकडा कधी खरा मानायचा, ते सांगतो.

तत्त्व थोडक्यात

स्वस्त वीज असताना फुग्यातला कार्बन डायऑक्साइड दाबायचा, दाबताना निघणारी उष्णता बाजूला साठवायची, गॅस थंड करून द्रवरूपात टाकीत भरायचा. हे चार्जिंग. वीज हवी तेव्हा द्रव बाष्प करायचा, साठवलेल्या उष्णतेने तापवायचा, एक्सपांडरमधून, म्हणजे गॅस पसरताना फिरून वीज देणाऱ्या यंत्रातून, सोडायचा आणि पुन्हा फुग्यात घ्यायचा. हा डिस्चार्ज. गॅस बंद चक्रात फिरतो, बाहेर सोडायचा नसतो.

इटलीतल्या एनर्जी डोम या कंपनीने २०२२ मध्ये सार्डिनिया बेटावर ओत्ताना इथे अडीच मेगावॅटचा प्रात्यक्षिक प्रकल्प चालू केला. त्याच वर्षी चीनमध्ये डेयांगला १० मेगावॅटचा प्रकल्प उभा राहिला. आपल्या शेजारी कर्नाटकात, विजापूर जिल्ह्यातल्या कुडगी वीज केंद्रात एनटीपीसीने १६० मेगावॅट-तासांचा असाच प्रकल्प हाती घेतला आहे. म्हणजे पुढच्या काही वर्षांत हे काम येणारी माणसं लागणार आहेत.

हवेऐवजी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) का, याचं उत्तर घनतेत आहे. २० अंशांना तो ५७.३ बारवर द्रव होतो आणि त्या द्रवाची घनता लिटरला पाऊण किलोहून थोडी जास्त असते. हवेला द्रव करायला उणे दोनशेच्या जवळ जावं लागतं. इथे साध्या थंड पाण्यावर काम भागतं. निदान जानेवारीत तरी भागतं.

आधी प्रश्न ठरवा, मग पाईप कापा

बहुतेक मुलं येतात ती "आम्हाला एफिशियन्सी काढायची आहे" असं म्हणत. लहान सेटवर हा सगळ्यात कमी उपयोगाचा आकडा आहे. मोठ्या प्रकल्पासाठी एनर्जी डोम ७५ टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता सांगते. तुमच्या शेडमध्ये ती १५ टक्के आली तर त्यातून तंत्राबद्दल काहीच सिद्ध होत नाही. लहान कॉम्प्रेसरचं घर्षण, लहान एक्सपांडरची गळती आणि पाईपच्या पृष्ठभागावरून जाणारी उष्णता, हे सगळं आकार कमी झाला की प्रमाणाबाहेर वाढतं.

लहान सेटवर चांगली उत्तरं मिळतात ती वेगळ्या प्रश्नांची. कंडेन्सरचं पाणी एक अंशाने गरम झालं की चार्जिंगची वीज किती वाढते? साठवलेली उष्णता आठ तासांनी किती उरते? द्रव काढताना टाकीचं प्रेशर कसं पडतं? गॅसमध्ये हवा शिरली तर कंडेन्सर किती बिघडतो? यातला एक प्रश्न घ्या आणि तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्याखाली चाचणीची सीमारेषा काढा: कोणते मीटर आत, कोणते बाहेर, पंप, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र), पंखे मोजणार की नाही. ही रेषा नंतर हलवायची नाही.

आकारमान

एक हिशोब सांगतो, तो समजला की पुढचं सगळं सोपं होतं. १० घनमीटरचा फुगा घ्या, बायोगॅससाठी पीव्हीसी कापडाचे मिळतात तसा. ३० अंशांना, वातावरणाच्या दाबाला सीओटूची घनता घनमीटरला सुमारे १.७८ किलो. फुगा ९० टक्केच भरायचा, कारण दुपारी पत्र्याखाली गॅस ३० वरून ४५ अंशांवर गेला की तो पाच टक्के फुगतो. म्हणजे फिरणारा माल १६ किलो. टाकीच्या तळाशी २ किलो कायम शिल्लक ठेवायचा, एकूण १८. ही १८ किलो ४० लिटरच्या टाकीत मावते.

आता ऊर्जा. वातावरणाच्या दाबाचा गॅस २० अंशांना द्रव करायला आदर्श स्थितीत किलोला सुमारे २०० किलोज्यूल काम लागतं. १६ किलोंना ३२०० किलोज्यूल, म्हणजे जेमतेम ०.९ युनिट वीज. एवढ्या मोठ्या फुग्यातून आदर्श स्थितीतही एक युनिट मिळत नाही! हे ऐकून मुलांचा चेहरा पडतो. पण मोजायला एक युनिट भरपूर आहे.

टाकीचं डिझाइन प्रेशर ठरवताना कामाचं प्रेशर बघू नका, मे महिन्यात वीज गेलेली असताना टाकी किती तापेल ते बघा. ४० लिटरमध्ये १८ किलो म्हणजे लिटरला ०.४५ किलो. ४५ अंशांना याचं प्रेशर शंभर बारच्या आसपास जातं. म्हणून आम्ही १३० बारचं डिझाइन धरलं. जास्त माल कोंबला तर हेच प्रेशर फार झपाट्याने चढतं, त्यामुळे टाकी कधीही "अजून थोडा बसेल" म्हणून भरायची नाही.

कॉम्प्रेसर तीन टप्प्यांचा, पाण्याने थंड होणारा, शक्यतो तेलविरहित. साठ बारपर्यंत तीन टप्प्यांत जायचं तर प्रत्येक टप्प्याला दाब साधारण चौपट होतो आणि बाहेर पडणारा गॅस १२० ते १५० अंशांचा असतो. ही उष्णता वाया घालवायची नाही. प्रत्येक टप्प्यानंतर हीट एक्स्चेंजर लावून ती थर्मिक ऑइलमध्ये (उष्णता धरून ठेवणाऱ्या तेलात) घ्या. एवढ्या सेटला ४०-५० लिटर तेल पुरतं, पण पिंपं दोन लागतात, गरम आणि गार वेगळी. एकाच पिंपात सगळं ढवळलं की तापमानाचा दर्जा जातो आणि डिस्चार्जच्या वेळी कोमट तेल हाती येतं.

एक्सपांडरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. पहिल्या वर्षी एक्सपांडर घेऊ नका. त्याच्या जागी नियंत्रण व्हॉल्व्ह लावा, आधीचं-नंतरचं प्रेशर, तापमान, प्रवाह मोजा आणि मिळू शकणारं काम गणिताने काढा. अहवालात मात्र ते "गणिती काम" असंच लिहायचं, वीज म्हणायचं नाही. चार्जिंग आणि साठवण नीट जमली की दुसऱ्या वर्षी एअर मोटर किंवा उलटा चालवलेला स्क्रोल कॉम्प्रेसर जोडा.

जोडाल तेव्हा एकाच टप्प्यात साठ बारवरून एक बारवर येऊ नका. गॅस ४७ अंशांचा आत सोडला तर आदर्श प्रसरणात तो उणे १४० च्याही खाली जायला बघतो, आणि सीओटू तर वातावरणाच्या दाबाला उणे ७८.५ लाच घट्ट होतो. म्हणजे एक्सपांडरमध्ये कोरड्या बर्फाचे कण. तीन टप्पे करा आणि प्रत्येकाआधी गरम तेलाने गॅस पुन्हा तापवा.

गॅस आणण्यापूर्वीची कामं

हा भाग कुणी गाळून पुढे गेलं तर बाकीचा लेख वाचूच नका, असं मी मुलांना तोंडावर सांगतो.

आमची शेड १० बाय ६ मीटर, उंची ४ मीटर, म्हणजे २४० घनमीटर. पूर्ण फुगा फाटला तर दहा घनमीटर गॅस त्यात मिसळेल. म्हणजे ४ टक्क्यांहून जास्त, ४० हजार पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) वर. आठ तासांच्या कामाला मर्यादा ५ हजार पीपीएमची आहे, आणि ४० हजार ही जिवाला तात्काळ धोका समजली जाणारी पातळी. सीओटू हवेच्या दीडपट जड, तो आधी जमिनीलगत साचतो. खड्ड्यात, केबलच्या चरात, वाकून नट आवळणाऱ्या माणसाच्या नाकाशी. एरवी शटर उघडं असतं म्हणून कुणाला काही वाटत नाही. जुलैत पावसाचा सपकारा आत येतो म्हणून कुणीतरी शटर खाली ओढतं, आणि धोका तिथून सुरू होतो. म्हणून फुगा शेडच्या बाहेर, छपराखाली, तिन्ही बाजूंनी मोकळ्या जागेत ठेवा. गॅस डिटेक्टर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा, किमान दोन. ५ हजारला भोंगा आणि एक्झॉस्ट पंखा, १५ हजारला सगळे बाहेर. पंखा खालची हवा ओढणारा असावा. आणि चाचणी चालू असताना शटर अर्ध्याच्या खाली ओढायचं नाही. मशीन भिजत असेल तर ताडपत्री लावा.

दुसरा धोका अडकलेल्या द्रवाचा. दोन व्हॉल्व्ह बंद करून मधल्या पाईपमध्ये द्रव सीओटू अडकवला आणि पाईप तापला, की द्रवाला फुगायला जागा नसते. एका अंशामागे प्रेशर अनेक बारने वाढतं आणि पाईप फुटतो. म्हणून ड्रॉइंगवर लाल पेन घेऊन बसा. जिथे जिथे दोन व्हॉल्व्हमध्ये द्रव अडकू शकतो तिथे तिथे एक थर्मल रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे प्रेशर वाढलं की आपोआप उघडणारा. आमच्या पहिल्या ड्रॉइंगवर अशा जागा सात निघाल्या, दोनच लक्षात आल्या होत्या.

तिसरा धोका कोरड्या बर्फाचा. ५.१८ बारच्या खाली द्रव सीओटू टिकत नाही, त्याचा बर्फ होतो. रिलीफ व्हॉल्व्हच्या पुढे लांबलचक पाईप आणि चार एल्बो लावले तर तिथे बर्फ बसून वाटच बंद होते, ऐन गरजेच्या वेळी. रिलीफ टाकीच्या वरच्या भागातून, बाष्पाच्या जागेतून घ्या, आणि पुढचा पाईप आखूड, सरळ, रुंद ठेवून उघड्यावर सोडा.

टाकी ओळखीच्या वेल्डरकडून बनवून घ्यायची नाही. वेल्डिंग प्रक्रिया, एक्स-रे आणि मटेरियलचा दाखला देणाऱ्याकडूनच घ्या. कारखान्यात दाबाखाली चालणाऱ्या संयंत्रांना कायद्याचे सुरक्षा नियम लागू होतात (२०२५ पर्यंत कारखाने अधिनियम १९४८ चं कलम ३१), आणि सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावी लागते. सिलिंडर गॅस सिलिंडर नियमांप्रमाणे मान्यता असलेलाच. कॉलेजच्या प्रोजेक्टला कोण विचारतंय, असं म्हणणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका.

सीलचंही लक्षात ठेवा. पहिल्या चाचणीनंतर मुलांनी नायट्राइल रबराची एक ओ-रिंग काढून टेबलावर ठेवली. काढली तेव्हा गुळगुळीत, अगदी नवी वाटत होती. चहा होईपर्यंत तिच्यावर पापड भाजताना येतात तसे फोड आले. दाबाखाली रबरात मुरलेला गॅस बाहेर पडायला वाट शोधत होता. तेव्हापासून जिथे जमेल तिथे टेफ्लॉन, आणि प्रेशर उतरवायचं ते सावकाश.

पाणी, व्हॅक्युम, नायट्रोजन, मग सीओटू

हा क्रम बदलायचा नाही. आधी पाणी भरून दाबाची चाचणी, म्हणजे हायड्रो टेस्ट: टाकीला डिझाइनच्या १.३ पट म्हणजे १६९ बार, पाईपिंगला दीडपट म्हणजे १९५ बार. त्यासाठी टाकी पाईपिंगपासून वेगळी करा, नाहीतर पाईपचं प्रेशर टाकीवर जाईल. मग पाणी पूर्ण काढा. इथे घाई नको, पाणी आणि सीओटू मिळून कार्बोनिक आम्ल होतं आणि साधं पोलाद आतून खातं. कोरडी हवा फिरवा, मग व्हॅक्युम पंप लावून रात्रभर ठेवा. पंप बंद केल्यावर व्हॅक्युम तासभर टिकला पाहिजे. त्यानंतर नायट्रोजनने ५० बारपर्यंत भरून साबणाच्या पाण्याने प्रत्येक जोड तपासा. रात्रभर ठेवून सकाळी तेवढ्याच तापमानाला प्रेशर पुन्हा वाचा.

सीओटू भरताना एक चूक सर्रास होते. सिलिंडर दोन प्रकारचे येतात: आत नळी असलेला द्रव देतो, नसलेला बाष्प. घाई असते म्हणून मुलं नळीवाला जोडतात आणि रिकाम्या टाकीत थेट द्रव सोडतात. रिकाम्या टाकीत प्रेशर ५.१८ बारच्या खाली असल्याने त्या द्रवाचा लगेच कोरडा बर्फ होतो, टाकीचं पोलाद उणे ७८ पर्यंत गार पडून ठिसूळ होतं, आणि नंतर तोच बर्फ बाष्प होताना प्रेशर चढतं. म्हणून आधी बाष्प, टाकी १० बारच्या वर जाईपर्यंत. मग द्रव. सिलिंडर वजनकाट्यावर ठेवूनच भरा.

कशाने काय मोजायचं

तापमानाला पीटी-१०० सेन्सर घ्या, ए वर्गाचे. २५ अंशांना त्यांची चूक ०.२ अंशांच्या आसपास असते. क्रांतिक बिंदूजवळ एवढीही चूक महाग पडते. ८० बार दाबाला सीओटूची घनता ३० अंशांना सुमारे ७०० किलो प्रति घनमीटर, ३५ अंशांना सुमारे ४२०, आणि ४० अंशांना सुमारे २८०. दहा अंशांत माल निम्म्याहून हलका. अशा जागी ओरिफिस प्लेट (पाईपमधली भोकाची चकती) लावून, तापमानावरून घनता काढून, त्यावरून प्रवाह काढला तर मिळालेल्या आकड्याला काही अर्थ राहत नाही.

प्रवाहाचं वस्तुमान थेट मोजणारा कोरिऑलिस मीटर परवडत असेल तर उत्तम. नसेल तर टाकीच टांगा किंवा लोड सेलवर (वजन मोजणाऱ्या सेन्सरवर) उभी करा. माझा सगळ्यात जास्त विश्वास वजनावर आहे. वजनाला घनता, तापमान, द्रव की बाष्प, काही विचारावं लागत नाही.

त्यातही एक खोच आहे, आणि ती समजायला आमचा एक आठवडा गेला. टाकीला येणारे हाय-प्रेशर होज प्रेशर चढलं की ताठ होतात आणि टाकीला वर किंवा बाजूला ढकलतात. काहीही भरलं नसताना काटा ३०० ग्रॅम दाखवत होता. उपाय म्हणजे होज आडवे, लांब, मोकळा बाक देऊन लावायचे, आणि लोड सेलचं कॅलिब्रेशन टाकी प्रेशरखाली असताना, वर माहीत असलेली वजनं ठेवून करायचं. आमचे वेल्डर काका पाच-पाच किलोची बाजारातली प्रमाणित वजनं घेऊन आले. ती एकेक करून चढवली, उतरवली, प्रत्येक वेळी आकडा लिहिला. चढताना आणि उतरताना वेगळं वाचन आलं तर होज अजून ढकलतोय असं समजा.

विजेसाठी कॉम्प्रेसर, पंप आणि चिलर यांना वेगवेगळे ऊर्जा मीटर हवेत. एकच मीटर लावून नंतर भागाकार करू नका. प्रेशर ट्रान्समीटर गेज प्रेशर (वातावरणाच्या दाबापासून मोजलेलं) देतो की निरपेक्ष (शून्यापासून मोजलेलं), ते त्याच्या पाटीवर बघून वहीत लिहा. एक बारचा हा घोळ पुढे फार नडतो.

द्रव-बाष्पाचे गुणधर्म कोष्टकातून अंदाजाने घेऊ नका. स्पॅन आणि वॅग्नर यांचं १९९६ चं समीकरण सीओटूसाठी प्रमाण मानतात, आणि कूलप्रॉप या मोफत प्रणालीत ते आहे.

प्रेशर हललं नाही म्हणजे गळती नाही?

साठवणीची चाचणी म्हणजे टाकी भरून रात्रभर सोडणे. पहिल्या वेळी सकाळी एक मुलगी आनंदाने म्हणाली, "सर, प्रेशर ५७ ला होतं, ५७ लाच आहे. गळती शून्य." मी तिला वजन बघायला सांगितलं. ६०० ग्रॅम गेले होते.

टाकीत द्रव आणि बाष्प दोन्ही असतात तोवर प्रेशर फक्त तापमान सांगतं. २० अंश असेल तर ५७.३ बार, मग आत पाच लिटर द्रव असो की पंधरा. गॅस गळतो, तेवढा द्रव बाष्प होतो, प्रेशर जागच्या जागी. शेवटचा थेंब संपेपर्यंत गेज तुम्हाला काही सांगणार नाही. म्हणून गळती बघायची ती वजनावरून.

याच गुणाचा उलटा फायदाही घेता येतो. टाकीतल्या द्रवाचं तापमान २० अंश असताना निरपेक्ष प्रेशर ५७.३ पेक्षा स्पष्टपणे जास्त, समजा ६०, दिसत असेल आणि दोन्ही सेन्सर तपासलेले असतील, तर आत हवा आहे. ती फुग्याच्या कापडातून, सांध्यांतून, कॉम्प्रेसरच्या सक्शनमधून येते आणि द्रव होत नसल्याने कंडेन्सरमध्ये वरच्या बाजूला साचते. सेट तासभर शांत ठेवा आणि सगळ्यात उंच जागेवरून थोडा गॅस हळूहळू सोडा, मोकळ्या हवेत. प्रेशर जुळेपर्यंत. दर महिन्याला हे करायचं, आणि किती वजन सोडलं ते लिहायचं.

चार्ज, साठवण, डिस्चार्ज

चाचणीच्या दिवशी पहिली नोंद टॉवरच्या पाण्याची आणि हवेच्या ओल्या तापमानाची. थर्मामीटरच्या फुग्याला ओलं फडकं बांधून पंख्यासमोर धरलं तरी ते मिळतं. पावसाळ्यात आपल्याकडे हे ओलं तापमान २६ अंशांच्या आसपास असतं. टॉवरचं पाणी त्याच्या तीन-चार अंश वर, आणि गॅस पाण्याच्या तीन-चार अंश वर. बेरीज केली की ३१ ओलांडलेलं दिसेल. त्या दिवशी चिलर लावावा लागणार, आणि चिलरची वीज चार्जिंगच्या खात्यात धरावी लागणार. ती "वातानुकूलनाची" म्हणून बाजूला काढलेली मी पाहिली आहे. ती तशी नाही.

कॉम्प्रेसर सुरू करण्यापूर्वी पाणी आणि तेल दोन्ही फिरू द्या, अर्धा तास. मग चार्ज. दर पाच सेकंदांनी नोंद. फुगा रिकामा होत आला की सक्शनला व्हॅक्युम लागू देऊ नका, कापड आत ओढलं जाऊन हवा शिरते. पाण्याच्या स्तंभावर चालणारा साधा प्रेशर स्विच लावला तरी चालतो, पण तो कॉम्प्रेसर थांबवणारा हवा, फक्त दिवा लावणारा नको.

साठवणीचे तास ठरवलेले असावेत, दोन आणि आठ. गरम तेलाच्या पिंपात वर, मध्ये, खाली असे तीन सेन्सर ठेवा. आठ तासांत वरच्या थराचं तापमान कसं उतरतं, त्यावरून पुढे इन्सुलेशनचा खर्च ठरवता येतो.

डिस्चार्जला द्रव टाकीच्या तळातून काढायचा. वरून बाष्प काढलं तर उरलेला द्रव उकळून स्वतःला गार करतो आणि प्रेशर भराभर पडतं. तळातून काढला तरी थोडं पडतंच, कारण रिकाम्या झालेल्या जागेत बाष्प भरायला काही द्रव लागतो. बाष्पीभवनाला उष्णता टॉवरच्या पाण्यातून मिळते. इथे आपलं दमट हवामान मदतीला येतं, पाणी कोमटच असतं. टाकी २० बारच्या खाली जाऊ द्यायची नाही, तिथे थांबायचं. फुग्यात परतणारा गॅस गार असेल तर आकारमान फसवं दिसतं. तासभर थांबून, फुग्याचं तापमान घेऊन मगच किती परत आला ते ठरवा, आणि टाकीच्या वजनाशी जुळवा. एक टक्क्याहून जास्त फरक असेल तर पुढचं गणित करू नका, आधी गॅस कुठे गेला ते शोधा.

आकडा कधी सांगायचा

पहिलं चक्र सोडून द्या, दुसरंही. तेल, पाईप, टाकीची भिंत, सगळं पहिल्या चक्रात फुकट तापत असतं. चक्र संपल्यावर टाकीचं वजन, द्रवाचं तापमान, गरम पिंपाचं तापमान, तिन्ही सुरुवातीच्या जागी आले पाहिजेत. गरम पिंप दहा अंशांनी गार पडलेलं असताना काढलेली कार्यक्षमता म्हणजे कालची उष्णता आजच्या नफ्यात दाखवण्यासारखं आहे. सलग तीन चक्रं जुळली की ती घ्या.

हिशोबाचं एक उदाहरण. समजा कॉम्प्रेसरने २.४ युनिट घेतले, पंपांनी ०.२, चिलरने ०.३. एक्सपांडरने परत दिले ०.४. चिलर न धरता ०.४ भागिले २.६, म्हणजे १५.४ टक्के. चिलर धरून ०.४ भागिले २.९, म्हणजे १३.८ टक्के. दोन्ही आकडे लिहा, पण मुख्य म्हणून दुसरा. आणि त्याच ओळीत टॉवरच्या पाण्याचं तापमान लिहा. "१३.८ टक्के, पाणी ३०.५ अंश, चिलरसह, तीन चक्रांची सरासरी" अशी पूर्ण ओळ असेल तर कुडगीला बसलेला माणूसही ती वापरू शकतो. नुसते १३.८ कुणाच्याच कामाचे नाहीत.

म्हणून एकाच मोसमात मोजून थांबू नका. हीच चाचणी जानेवारीत पहाटे, मे महिन्यात दुपारी आणि जुलैत पावसात घ्या, काहीही न बदलता. कॉलेजचं वर्ष मे मध्ये संपतं, आणि त्यामुळे बहुतेक प्रोजेक्टमध्ये जुलैचं वाचनच नसतं. पुढच्या तुकडीच्या मुलांना वही हातात द्या आणि जुलैची चाचणी त्यांच्याकडून करून घ्या. आमच्याकडे ती वही कॉम्प्रेसरशेजारच्या खिळ्याला दोरीने बांधलेली असते. पहिल्या पानावर प्रश्न, दुसऱ्यावर ते लाल पेनचं ड्रॉइंग, आणि प्रत्येक नोंदीच्या डाव्या कोपऱ्यात, तारखेच्याही आधी, पाण्याचं तापमान.